आयांना बोलतं करणारी

ग्रेडी व्हिटकमने मला नोकरी दिली त्या दिवसापासून माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. तो वाईट वागला असता तर सोपं झालं असतं, वार कुठून येणार हे तरी कळलं असतं. पण माणूस गोड. मला कोपऱ्यातली खोली दिली, दोन बाजूंना खिडक्या, खाली अख्खं अटलांटा. दारावर पितळी पट्टी आणि तिच्यावर ओफेलिया ट्रॅमेल. पाहुणे आले की मला मुद्दाम बाहेर बोलवायचा आणि म्हणायचा, "ही आमची ओफेलिया. हिच्याशिवाय इथलं पान हलत नाही." पान माझ्याशिवाय मजेत हलत होतं. करारांच्या बैठका मला न विचारता ठरायच्या आणि मला न बोलावता संपायच्या.

माझी आई म्हणते, गोऱ्या माणसाने खुर्ची पुढे केली की आधी खुर्चीचे पाय बघावेत. मी पाय बघितले, खुर्ची हलवूनही बघितली आणि मग बसले. इतकी वर्षं उभी होते, पायही दुखत होते.

अलाबामातल्या आमच्या काळ्यांच्या कॉलेजातून डिग्री घेऊन मी टेलिव्हिजनमध्ये आले तेव्हा पहिलं वर्ष केबल गुंडाळण्यात गेलं. केबलचा एक वेढा वरून घ्यायचा, एक खालून, नाहीतर पीळ बसतो आणि कॅमेरामनच्या शिव्या खाव्या लागतात. माझ्याबरोबर लागलेला गोरा मुलगा दुसऱ्या महिन्यात माइक घेऊन मैदानावर गेला. मी केबलच गुंडाळत होते. मग एकदा एका फुटबॉलपटूची आई कॅमेऱ्यासमोर तोंड उघडेना. सगळे थकले. मी तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि विचारलं, "लहानपणी आजारी पडला की काय मागायचा खायला?" बाई बोलायला लागली ती थांबेचना. शेवटी रडली. त्या रडण्यावर आमच्या वाहिनीला बक्षीस मिळालं, आणि मला खेळ विभागात टेबल मिळालं.

तेव्हापासून हे माझं कसब झालं, आयांना बोलतं करणं. त्यांच्यापेक्षा खाली बसायचं, मुलाचं नाव मध्ये मध्ये घ्यायचं, आणि त्या गप्प झाल्या की आपणही गप्प बसायचं. ग्रेडीने मला टेलिव्हिजनमधून उचललं ते ह्यासाठीच. त्याची कंपनी खेळाडूंचे करार, जाहिराती, प्रवास, सगळं सांभाळायची. हे करार खेळाडूच्या सहीने होत असले तरी ठरतात आईच्या स्वयंपाकघरात, हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं.

एप्रिलमध्ये त्याने मला झिपोरा बॅटलच्या घरी पाठवलं.

झिपोरा म्हणजे त्या वर्षीची बास्केटबॉलमधली सगळ्यात मोठी मुलगी. कॉलेज संपत आलेलं, व्यावसायिक लीगचे लोक वाटेकडे डोळे लावून बसलेले. फक्त एक गोष्ट नाजूक होती, डावा गुडघा. आदल्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं होतं. उन्हाळ्यात इथली लीग खेळायची आणि हिवाळ्यात परदेशात जाऊन पुन्हा खेळायचं, असा ह्या मुलींचा रिवाज. खरा पैसा तिकडेच. पण त्या गुडघ्याला निदान एक हिवाळा विश्रांती हवी, नाहीतर तो कायमचा जाईल, असं तिच्या डॉक्टरने सांगितलं होतं. आणि तिच्या आईने, मिस अर्नेस्टीनने, ते गाठीला बांधलं होतं. आमच्या आधी दुसऱ्या कंपन्यांकडून गेलेल्या दोघांना त्यांनी अंगणातूनच परत लावलं होतं. त्यातल्या एकाने दारात टोपी काढली नव्हती.

"तू जा," ग्रेडी म्हणाला. "तुझीच माणसं आहेत."

"करार झाला तर झिपोराचं काम माझ्याकडे राहील ना?" मी विचारलं.

"अगं, मग कोणाकडे? तू तर घरातलीच."

त्याच्या कुठल्या घरातली, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. मला ही मुलगी हवी होती. खोली आणि पट्टी त्याने दिलेली होती, ती तो कधीही काढून घेऊ शकत होता. झिपोरा मी मिळवलेली असणार होती.

आता, आमच्यात कोणाच्या घरी रविवारच्या जेवणाला रिकाम्या हाताने जात नाहीत, पण काय न्यावं हाही सोपा प्रश्न नाही. जिचं स्वयंपाकघर आपण पाहिलेलं नाही तिच्या हातचं बटाट्याचं सॅलड आम्ही तोंडात घालत नाही. "हे कोणी केलंय?" हा आमच्याकडे जेवणाआधीचा पहिला प्रश्न असतो, प्रार्थनेच्याही आधीचा. पाउंड केक चालतो, पण घरचा. मला केक येत नाही. मी बेकरीतून आणला, खोक्यातून काढला, मावशीच्या काचेच्या ताटात ठेवला आणि कड काट्याने जरा उकरली, म्हणजे भांड्याला चिकटल्यासारखी दिसावी. इतकी मेहनत मी कॉलेजच्या परीक्षेला घेतली नव्हती.

हॅनकॉक काउंटीत पाइनच्या झाडीतून रस्ता जातो तिथे त्यांचं घर. चर्च सुटलं होतं. मिस अर्नेस्टीन अजून चर्चच्या टोपीत होत्या, जांभळ्या, आणि त्या टोपीखालून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग केककडे पाहिलं.

"कोणी केलाय?"

"मी," म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या, आणि केक आत नेला.

टेबलावर आणखी एक पाहुणा होता, त्यांच्या चर्चचे रेव्हरंड पिंकनी. अंगाने भरभक्कम. कोंबडीचं ताट आलं आणि पहिला तुकडा, सगळ्यात मोठा, न विचारता त्यांच्या पानात गेला. रेव्हरंडना तो मिळतोच, त्यात काही नवल नाही. पण मला त्यांचे प्रश्न आवडेनात.

"पोरी, तू ट्रॅमेल म्हणजे कुठल्या ट्रॅमेलांपैकी?"

"लाउंड्स काउंटीतल्या. माझे आजोबा तिथल्या चर्चमध्ये डीकन होते."

"कुठलं चर्च?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मग कंपनीचा मालक कोण, त्याचं लग्न झालंय का, तो चर्चला जातो का, त्याच्याकडे आमची किती माणसं कामाला आहेत, असं एकामागून एक. तोंड चालू, प्रश्नही चालू.

"रेव्हरंड, तिला घास तरी गिळू द्या," झिपोरा म्हणाली. ती पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसली होती, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. "इतकं तर तुम्ही स्वर्गाच्या दारातही कोणाला विचारणार नाही."

"स्वर्गात वकील नसतात, बाळा. म्हणून तिथे विचारावं लागत नाही," रेव्हरंड म्हणाले आणि मॅकरोनी वाढून घेतली.

जेवण मध्यावर असताना ते फोन घेऊन ओसरीवर गेले. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले. जाळीच्या दाराआडून ऐकलं, "हो, हो. आज संध्याकाळच्या आतच कळायला हवं. अंधारात ठेवू नका मला." माझी खात्रीच पटली. हा माणूस दुसऱ्या कंपनीचा. देवाचं नाव घेऊन पोरगी विकायला बसलाय. असे मी पाहिलेत. काही मंडळी आधी आत्म्याचा सौदा करतात आणि मग गुडघ्याचा. मनात म्हटलं, रेव्हरंड, तुमच्या आधी मी डाव साधते.

जेवण झाल्यावर मिस अर्नेस्टीन भांडी विसळायला उभ्या राहिल्या. मी शेजारचं बुटकं स्टूल ओढून बसले, त्यांच्यापेक्षा खाली. फडकं घेऊन भांडी पुसायला लागले.

"लहान असताना झिपोरा आजारी पडली की काय मागायची?"

त्यांचा हात थांबला. "ग्रिट्स, आपली मक्याची लापशी. त्यात एवढं लोणी, की डॉक्टरने मला तुरुंगात टाकलं असतं." मग बोलत गेल्या. झिपोराचा बाप लवकर गेला, अंगणातल्या झाडाला सायकलचं चाक ठोकून पोरीने बास्केट केली, ऑपरेशनच्या दिवशी गुंगीत ती आईला म्हणत होती की मला पळता येईल ना, पळता येईल ना. इथे त्या गप्प झाल्या. मीही गप्प बसले. नळ तेवढा चालू होता.

"मला मोठा करार नको," शेवटी त्या म्हणाल्या. "हा एक हिवाळा ती घरी राहिली पाहिजे. मला शब्द हवा, आणि शब्द देणारी बाई मला रोज फोनवर सापडली पाहिजे. तू असशील का?"

"मी असेन," मी म्हणाले. "हिवाळाभर ती इथेच राहील. माझा शब्द."

माझा आवाज सुरेख लागला होता. टेलिव्हिजनमध्ये असा आवाज लागला की आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, की हेच घ्यायचं.

रेव्हरंड ओसरीवरून आत आले, त्यांनी मिस अर्नेस्टीनकडे पाहून नुसती मान डोलावली. मी त्यांच्याकडे विजयाने पाहिलं. मिस अर्नेस्टीनने हात पुसले आणि माझा हात हातात घेतला. "उद्या झिपोराला घेऊन अटलांटाला येते. सही करू." अंगणात येताना त्यांनी मला चंदेरी कागदात गुंडाळलेलं जेवणाचं ताट दिलं, वर दुसरं ताट पालथं घालून. आमच्याकडे पाहुण्याला ते मिळालं म्हणजे तो पाहुणा राहिला नाही.

मला खूप आनंद झाला होता, हे कबूल करते. गाडीत बसले, ताट शेजारच्या सीटवर ठेवलं आणि तिथूनच, त्यांच्या पेकनच्या झाडाखालून, ग्रेडीला फोन लावला.

"शाबास!" तो म्हणाला. मागे कुणीतरी चेंडू मारल्याचा आवाज आला, तो गोल्फवर होता. "मला माहीत होतं. आता उद्यापासून आपला करारांवाला टॉड बघेल पुढचं. इस्तंबूलच्या क्लबवाले त्याच्याच मागे लागलेत, ऑक्टोबरमध्ये पोरगी तिकडे पाहिजे म्हणून."

"ऑक्टोबरमध्ये?" मी म्हटलं. "पण मी त्यांना..."

"छान केलंस. आज आराम कर." फोन बंद.

गेले चार महिने मी ग्रेडीचा प्रत्येक शब्द उन्हात धरून बघितला होता. तो मला कसा फसवणार, कधी फसवणार, माझी खोली कधी जाणार, हाच हिशेब. झिपोराचं काम टॉडला गेलं ते किरकोळ, मला फसवणं हा त्याचा डावच नव्हता. मला फसवून त्याला काय मिळणार होतं? फसवायचं होतं त्या घरातल्या बाईला, आणि ते काम मी जमिनीवर बसून, भांडी पुसून, स्वतःच्या आवाजात चोख करून आले होते. गळाला लावलेल्या गांडुळाने मासे पकडणाऱ्यावर संशय घ्यावा, तसं माझं झालं होतं. मला स्वतःची किळस आली.

गाडीतून उतरले आणि परत जाऊन दार वाजवलं.

तिघंही अजून स्वयंपाकघरात होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मिस अर्नेस्टीन, सही करू नका. मी शब्द दिला तो माझ्या हातात नाही. ते तिला ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानला पाठवणार आहेत."

मला वाटलं होतं त्या संतापतील, नाहीतर आभार मानतील. त्यांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि डोळे बारीक केले.

"दुसऱ्या कंपनीचा फोन आला वाटतं गाडीत?"

"काय?"

"आत्ता अर्ध्या तासापूर्वी शब्द देत होतीस. आता म्हणतेस सही करू नका. मधल्या वेळात तुला कोणी काय कबूल केलं?"

"कोणी काही नाही! मी खरं सांगतेय."

"केक तू केला होतास का?"

मी रेव्हरंडच्या बशीतल्या केककडे पाहिलं.

"पहिल्या घासाला कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "बेकरीवाले लोणी वाचवतात. तरी मी गप्प बसले. रेव्हरंडनी तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये फोन करून विचारलं. ते म्हणाले, ट्रॅमेल म्हणजे सरळ माणसं, आजोबांच्या शब्दावर लोक जमिनी विकायचे. मी म्हटलं, जाऊ दे, केकचं खोटं कोण बोलत नाही, घराणं तर चांगलं आहे. आता कळेना, की केकवाली खरी की आजोबांची नात खरी."

म्हणजे ओसरीवरचा तो फोन माझ्याच चौकशीचा होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. रेव्हरंड माझ्याकडे शांतपणे बघत होते, हातात माझ्याच केकचा तुकडा.

"आई, तिला तेवढं सिद्ध करू दे ना," झिपोरा म्हणाली. "गुडघा माझा आहे. मला कळायला नको?"

मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि ग्रेडीला लावला. नोकरी टेबलावर ठेवतेय हे मला कळत होतं.

"आता काय?" ग्रेडी म्हणाला.

"मिस्टर व्हिटकम, एक राहिलं. मी मिस अर्नेस्टीनना शब्द दिलाय, की यंदाचा हिवाळा झिपोरा घरी राहील. तो आपण पाळणार ना?"

तो हसला. गोडच हसला. "ओफेलिया, तू दिलास ना शब्द? मग झालं. शब्द द्यायलाच तर तुला पाठवलं होतं. इस्तंबूलला मी गेल्या आठवड्यातच हो म्हटलंय."

"आणि गुडघा?"

"खेळायला हरकत नाही असं डॉक्टर लिहून देईल, डॉक्टर आपला आहे. एक हंगाम निघाला तरी आपलं भागलं. नंतरचं नंतर."

झिपोराने गुडघ्यावरची बर्फाची पिशवी हळूच दाबून धरली.

"तिचं काम मी बघणार होते," मी म्हणाले.

"तू पुढच्या आईकडे जायचंस. ते तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही. बरं, म्हातारी खूश आहे ना?"

मिस अर्नेस्टीन टेबलावर वाकल्या. "म्हातारी ऐकतेय, मिस्टर व्हिटकम."

पलीकडे काही क्षण नुसता वारा ऐकू आला. मग त्याने माझं नाव घेतलं, फक्त नाव, आणि त्या एका शब्दात माझी खोली, खिडक्या आणि पितळी पट्टी गेली. मिस अर्नेस्टीनने एक बोट लांब करून फोन बंद केला, किडा मारावा तसा.

रेव्हरंडनी केकचा तुकडा बशीत परत ठेवला.

"तुझी नोकरी गेली," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या.

"हो."

"मग माझं कोण बघणार?" झिपोरा आईकडे पाहून म्हणाली, आणि मग माझ्याकडे. "हिला आतलं सगळं माहीत आहे, आई. आणि आता तर ही मोकळी आहे."

माझ्या मनात एकदम आशा आली. इतकी, की मला लाज वाटली. मिस अर्नेस्टीन खुर्चीवर बसल्या. ह्या वेळी मी उभी होते आणि त्या खाली, पण तरी मला त्या वरूनच बघत होत्या.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. "दुपारी त्या स्टुलावर बसून मला बोलतं केलंस. तिच्या ऑपरेशनचं मी माझ्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, ते तुला सांगितलं. तेव्हा तुला माहीत नव्हतं की पुढे काय होणार, बरोबर?"

"नव्हतं."

"पण शब्द दिलास. पाळता येईल की नाही हे माहीत नसताना. तेव्हा आत काही टोचलं का?"

टोचलं, म्हणायला काय जात होतं? एका शब्दाचा प्रश्न होता, आणि कुठल्या आवाजात म्हणायचं तेही मला येत होतं. जरा थांबून, खाली बघून. ती मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मला ती हवी होती, सकाळपेक्षाही जास्त हवी होती.

"नाही," मी म्हणाले. "काही टोचलं नाही. सवय झालीय."

मिस अर्नेस्टीनच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता.

"हे खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "म्हणूनच पोरगी देणार नाही तुझ्या हाती."

मी टेबलावरचा फोन उचलला.

"मीसुद्धा दिली नसती," मी म्हणाले आणि बाहेर पडले.